घडीची किंमत

दिवाळीच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. मैत्रिणीनं ओढून नेलं म्हणून पुण्यात घरसजावटीच्या एका प्रदर्शनाला गेले होते. पडदे, उशांचे अभ्रे, मातीची भांडी बघत बघत आम्ही एका कोपऱ्यात आलो आणि दोघीही थबकलो. वर एक कागदी दिवा टांगला होता. नुसता पांढरा कागद. ना रंग, ना टिकल्या, ना झिरमिळ्या. पण त्या कागदाला अशा काही घड्या घातल्या होत्या, की उजेड कुठं दाट, कुठं विरळ होऊन भिंतीवर उतरला होता. खाली छोटंसं कार्ड : 'जपानी ओरिगामीपासून प्रेरित. किंमत 4,800 रुपये.'

"कागदाचे?" मैत्रीण कुजबुजली.

"कागदाचे नव्हे गं, डिझाइनचे," मी म्हटलं. आपल्याला यातलं कळतं, असा तोरा होता बोलण्यात. दिवा अर्थातच घेतला नाही. मोबाइलवर फोटो मात्र काढला.

दिवाळीला सासरी, वळसंगला गेलो. सोलापूरहून अक्कलकोटला निघालं, की वाटेत कुंभारी लागतं आणि मग आमचं वळसंग. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्यांना गाडीच्या खिडकीतून ते दिसतं, एवढीच बहुतेकांची ओळख. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1937 साली इथल्या विहिरीवर आले होते, हे जाणणारे तिथं मुद्दाम थांबतात. या गावात माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. आम्ही सगळेच त्यांना अक्का म्हणतो. वय बासष्ट, शिक्षण सातवी. लग्नाआधी सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात त्या घडी घालायच्या कामावर होत्या. डझनावर पैसे. अजूनही अक्कांनी घडी घातलेली चादर कपाटातून काढायला जीव होत नाही. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. पट्टी लावून बघावं.

करंज्या करता करता मी त्यांना तो फोटो दाखवला. किंमतही सांगितली. अक्कांनी पिठाचे हात पदराला पुसले, मोबाइल जरा लांब धरला आणि म्हणाल्या, "अगं, ह्या तर निऱ्याच की!"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "उद्या सोलापूरला कोण जायलंय? जाड कागद आणा म्हणावं चार."

कार्डशीट आलं. अक्कांनी पट्टी घेतली, पेन मात्र नाही. संपलेली रिफिल घेतली. शाई न उमटता कागदावर नुसती रेघ दबते आणि घडी बरोब्बर तिथंच पडते. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. आधी पंख्यासारख्या सरळ चुण्या. मग त्या चुण्यांच्या गठ्ठ्याला एक तिरकी घडी, तिच्यावर उलटी तिरकी, पुन्हा सुलटी. मग सगळं उघडून एकेक रेघ हवी त्या बाजूला वळवायची. ओरिगामीवाले यांना डोंगराची घडी आणि दरीची घडी म्हणतात. वर आलेली तो डोंगर, आत गेलेली ती दरी. अक्का म्हणाल्या, "ही उताणी, ही पालथी." इथं त्या अडकल्या. पहिला कागद फाटला, दुसरा चुरगळला. "वाया घालवल्याशिवाय कळत नाही बघ," म्हणाल्या आणि तिसरा घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या काठाला दाभणानं भोकं पाडून दोरा ओवला, ओढला, गाठ मारली. आत नऊ वॅटचा एलईडी बल्ब सोडला आणि घरातली ट्यूब बंद केली.

सगळं घर गप्प झालं. माझे दीर, जे जेवणात मीठ कमी असलं तरच बोलतात, ते म्हणाले, "च्यायला!"

त्या रात्री मला झोप लागेना. मी पुण्यात 'डिझाइनचे' म्हणून जो तोरा मिरवला होता, तो राहून राहून टोचत होता.

जपानी भाषेत 'ओरि' म्हणजे घडी घालणं आणि 'कामी' म्हणजे कागद. आपल्याला ओरिगामी म्हटलं, की शाळेतली होडी आणि मान हलवणारा पक्षी आठवतो. पण घडीचा खरा गुण वेगळाच आहे. वहीचं एक पान दोन पेल्यांवर आडवं ठेवून बघा. मधोमध लगेच झुकेल. त्याच पानाला चुण्या घालून ठेवा आणि वर एखादी वाटी ठेवा. पान वाटी पेलतं. कागद तोच, वजन तेच, फक्त घडी पडली आणि बळ आलं. गोठ्यावरचा पन्हाळी पत्रा ताठ राहतो तो याच कारणानं, आणि पुठ्ठ्याचं खोकं दणकट होतं तेही आतल्या नागमोडी कागदामुळं. जपानी अवकाश अभियंते कोर्यो मिउरा यांनी तिरक्या चुण्यांची अशी एक घडी शोधली, की पसरलेला पत्रा एका ओढीत उघडतो आणि एका रेट्यात मिटतो. 1995 साली जपाननं सोडलेल्या उपग्रहावर तिचा सौर पंख्यांसाठी उपयोग झाला. अक्कांनी पाटावर बसून घातली ती घडी याच जातीतली.

आता जरा आपल्या घरात बघा. मोदकाच्या कळ्या, करंजीची मुरड, विड्याचा त्रिकोण, गोधडीचा दुमडलेला काठ, आणि रोज सकाळी आरशात न बघताही पडणाऱ्या साडीच्या सारख्या रुंदीच्या निऱ्या. पाच-सहा वारांचं सपाट कापड शरीरावर एकही टाका न घालता बसवायचं, हे काय साधं गणित आहे? पण याला आपण कधी गणित म्हटलं नाही, डिझाइन तर नाहीच नाही. आपण म्हटलं 'वळण'. बाईच्या जातीला आलंच पाहिजे ते.

आणि इथंच माझा मुद्दा आहे. बाईचं ज्ञान घरात असतं तोवर ते वळण, फावल्या वेळात केलं तर छंद, बचत गटात केलं तर हस्तकला, आणि काचेच्या दारामागं ठेवलं की डिझाइन. घडी तीच. पायरीपायरीनं किंमत वाढत जाते आणि पायरीपायरीनं घडी घालणारी बाई मागं पडत जाते.

असंच असायला हवं, असं काही नाही. डेन्मार्कचं उदाहरण घ्या. तिथले वास्तुकार पी. व्ही. येन्सन-क्लिंट यांनी 1901 च्या सुमारास आपल्या तेलाच्या दिव्यासाठी कागदाला चुण्या घालून एक शेड केली. कल्पना जपानी कागदी घड्यांवरूनच सुचलेली. पुढं चाळीसेक वर्षं घरातली माणसं हौसेनं त्या शेड्स करत राहिली. म्हणजे तिथंही तो छंदच होता! 1943 साली त्यांच्या मुलानं, टाग यांनी त्याचा रीतसर धंदा केला. 'ले क्लिंट' ही ती कंपनी, टाग यांच्या मुलीच्या नावावरून. आजही त्यांच्या घड्या हातानंच घातल्या जातात. त्या घालणारे कारागीर, त्यात बायकाच जास्त, मुद्दाम शिकवून तयार केले जातात. घडी घालणं हे तिथं नोकरीतलं कसब आहे, फावल्या वेळातली गंमत नाही. जपानचे कपड्यांचे डिझायनर इस्से मियाके यांनी तर 2012 साली एका इटालियन कंपनीसाठी प्लॅस्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून केलेल्या कापडाचे दिवे आणले. सपाट घडी होऊन बसणारे आणि उचलले की फुलणारे. जगभर नावाजले गेले.

आमच्या अक्कांचं काय झालं ते सांगते.

पुण्याला परतताना अक्कांनी मला तीन शेड्स दिल्या. मी उत्साहानं एका दुकानात घेऊन गेले. मालकीणबाईंनी उलटसुलट करून पाहिल्या, कौतुक केलं आणि म्हणाल्या, "नगाला सत्तर रुपये देऊ. बायका फावल्या वेळातच करतात ना?" त्यांच्याच दुकानात तेवढ्याच आकाराची शेड नऊशेला टांगली होती. मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. हात बसल्यावर अक्कांना एका शेडला साडेतीन तास लागतात. कागद, दोरा मिळून चाळीस रुपये. उरले तीस. म्हणजे तासाला नऊ रुपयेसुद्धा नाहीत. रानात खुरपायला जाणारी बाई या पैशात बांधावरसुद्धा यायची नाही.

मालकीणबाईंचा मला राग आला. पण मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर माझं तोंड तरी कुठं स्वच्छ होतं? त्या तीन शेड्सपैकी एक माझ्या दिवाणखान्यात लागली, एक मुलीच्या खोलीत, एक मैत्रिणीला वाढदिवसाला दिली. तिघींच्या घरी वाहवा झाली. अक्कांना मी काय दिलं? फोनवर 'सगळ्यांना फार आवडल्या हं!' दुकानदारीण सत्तर तरी देत होती. मी सासरच्या नात्याच्या नावाखाली तेही वाचवले.

यावर कुणी म्हणेल, डिझायनरच्या डोक्याला काही किंमत आहे की नाही? आहे, जरूर आहे. कितीतरी कागद वाया घालवल्यावर एक आकार सापडतो. त्या प्रदर्शनातल्या दिव्याची किंमत मला आज जास्त वाटत नाही. आणि अक्कांनी केलेली पहिली शेड ही त्या दिव्याची नक्कल होती, हेही मान्य केलंच पाहिजे. घरात लावायला ठीक, पण विकायला नाही. ती दुकानात नेली ही माझीच चूक. आपल्या बायकांच्या कामाला मान हवा म्हणताना दुसऱ्याची कल्पना उचलून चालणार नाही.

पण नक्कल ही पहिली पायरी असते. खरी गंमत पुढंच झाली.

वळसंगच्या अलीकडं कुंभारीला विडी कामगार बायकांच्या वसाहती आहेत. 2006 साली गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढं रे नगरातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. झोपडीतून हक्काच्या छताखाली येणं ही केवढी मोठी गोष्ट! पण घर सुमारे 300 चौरस फुटांचं. अक्कांची कारखान्यातली जुनी मैत्रीण तिथं राहते. विडीचं सूप, पानांचा गठ्ठा, शिलाई मशीन, चार माणसं आणि जमिनीवर पोटावर पालथी पडून अभ्यास करणारी आठवीतली नात. टेबल आणावं तर झोपायचं कुठं?

अक्का घरी आल्या आणि टीव्हीचं रिकामं खोकं घेऊन बसल्या. कापलं कमी, दुमडलं जास्त. चार दिवसांनी तयार झालं ते मांडीवरचं उतरतं डेस्क. खिळा नाही, चिकटपट्टी नाही. खाचेत जीभ अडकवली की उभं, काढली की सपाट, दाराच्या मागं. मी पाहिलं तेव्हा मला 'आरंभ' या मुंबईकडच्या संस्थेनं 2014 साली केलेला प्रयोग आठवला. टाकाऊ पुठ्ठ्याची खोकी ठरावीक आकारात कापून आणि दुमडून त्यांनी गावाकडच्या शाळेतल्या मुलांसाठी असं डेस्क केलं होतं, की त्याचंच दप्तर व्हायचं. खर्च दहा-पंधरा रुपयांच्या घरात. अक्कांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. गरज सारखी असली की घडीही सारखी सुचते. ते डेस्क पावसाळ्यात ओल धरून वाकलं, हेही सांगते. अक्कांनी दुसरं केलं, खालच्या बाजूला दुधाच्या पिशव्या कापून लावल्या. याला संशोधन नाही म्हणायचं, तर मग कशाला?

दिव्याचंही तसंच. "तुमच्या त्या पुण्याच्या दिव्यावर इथं आठ दिवसांत धूळ बसंल," म्हणाल्या. त्यांनी स्वतःची शेड केली ती नऊवारीच्या काष्ट्यासारखी, मागून एक दोरा ओढला की मिटणारी. झाडलोट करताना मिटायची, संध्याकाळी सोडायची. तिची कल्पना कुणाच्या फोटोतून आलेली नाही.

घडीच्या घरसामानाची खरी गरज आज बंगल्याला नाही, या 300 चौरस फुटांना आहे. आणि त्या घरात काय मावतं, काय मावत नाही, हे तिथं विड्या वळणाऱ्या बाईइतकं कुणाला ठाऊक असणार? विडी हीसुद्धा घडीच की. पत्र्याच्या मापावर पान कापायचं, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडून बंद करायचं. हजाराला अमुक रुपये. त्या बोटांना दुसरं काही दुमडायला मिळालं तर?

म्हणून बचत गट चालवणाऱ्या, त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. पापड-लोणची चांगलीच, पण तिथंच थांबू नका. घडी शिकवा, आणि नुसती 'अशी घाला' म्हणून नको. ती का उभी राहते तेही शिकवा. दुसरं, प्रत्येक वस्तूला लागलेला वेळ लिहा. भाव ठरवताना आधी वेळ, मग कागद. रानातल्या मजुरीपेक्षा कमी पडत असेल तर तो भाव नव्हे, लूट आहे. आणि तिसरं, आपली घडी कागदावर उतरवून ठेवा. जपानचे अकिरा योशिझावा ओरिगामीतले थोर मानले जातात. 2005 साली ते गेले. त्यांनी हजारो आकार केलेच, पण तुटक रेघा आणि बाणांची एक खूणभाषा बसवली. भाषा न येणाराही ती बघून घडी घालू शकतो. जे लिहिलं गेलं ते ज्ञान ठरलं. आपल्या आज्यांच्या घड्या कुणी लिहिल्या नाहीत, म्हणून त्या 'वळण' राहिल्या.

मागच्या महिन्यात वळसंगला गेले तेव्हा अक्कांसमोर पैसे ठेवले. तीन शेड्स, साडेदहा तास, कागद वेगळा. आधी त्या चिडल्याच. "घरात कोण पैशे घेतंय व्हय? सासू असती तर काय म्हणाली असती?"

"अक्का, घरातून नाही घेतले तर बाहेर मागायला तोंड कसं उघडणार?"

जरा वेळ गप्प बसल्या. मग नोटा मोजल्या, नीट मोजल्या, कोपऱ्याला कोपरा लावून चार घड्या घातल्या आणि बटव्यात ठेवल्या.

"पेपरात लिहायलीस म्हणे माझ्यावर?"

"हो. नाव घालू ना तुमचं?"

"नको गं बाई, इथं सगळे चिडवतील. नाव मी माझ्या शेडच्या आतल्या काठाला घालते की. दिवा लावला की दिसंल." मग हसून म्हणाल्या, "तू आपलं गावाचं नाव घाल."

घातलंय, अक्का. वळसंग, तालुका दक्षिण सोलापूर.